जादा दोन तास

४ मार्च

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून पत्र. काय घडलं ते क्रमाने लिहिते.

१. सरकारी रुग्णालयांतल्या एकोणीस लिफ्टच्या पाच वर्षांच्या देखभालीसाठी खात्याने निविदा मागवल्या. वर्षाला एक ठरलेली रक्कम. काम कितीही तास चालो, रक्कम तीच.
२. आपल्या वर्कशॉपची निविदा मी तयार केली. सही तुमची.
३. आपला दर सगळ्यांत कमी निघाला.
४. आपण एका भेटीला दोन तास धरले होते. बाकीच्यांनी चार धरले, म्हणून खात्याने ठरवलं की आपल्यालाही चारच लागतील.
५. त्या जादा दोन तासांची मजुरी खात्याने स्वतःच आपल्या दरात मिळवली. आपण दुसरे झालो आणि काम दुसऱ्या कंपनीला गेलं.

पाचवा मुद्दा चुकीचा आहे. तास वाढले असते तर तोटा आपला होता, खात्याला एक पैसाही जास्त पडला नसता. जे पैसे आपण मागितले नाहीत आणि मागूही शकलो नसतो, ते आपल्या नावावर चढवून तुलना केली गेली. तास तपासून दर वाढवू, असं निविदेच्या कागदांत कुठेही नाही. मी तीनदा वाचले. आक्षेपाचा अर्ज सोबत आहे, मुदत चौदा तारखेपर्यंत. सही करून पाठवा.

हे काम गेलं तर महिनाअखेर वर्कशॉपला कुलूप लागेल, हे मला मामीकडून कळलं. सहा मेकॅनिक आहेत. थोरले मिस्त्री तर बावीस वर्षं तुमच्याकडे. हे तुम्ही सांगायला हवं होतं.

मामीला नमस्कार. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवत नाहीत, पायात घालतात.

लोभ आहेच, या वेळी सहीही असावी.
तुमची भाची


७ मार्च

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं, पट्ट्याचं वाक्य तर दोनदा. तेव्हापासून घालतोय. चालताना कुरकुर होते. पट्ट्याची नव्हे, माझी.

अर्ज झकास झालाय. वाचताना मलाच वाटलं, हा माणूस बरोबर बोलतोय. पण मी सही करत नाही. चिडू नकोस. मिस्त्रींना म्हटलं, आता आपलं वय झालं. ते म्हणाले, तुमचं झालं असेल, मला यात धरू नका. चौघांना कुठेही काम मिळेल. मिस्त्रींचं आणि वेल्डरचं अवघड आहे, ते बघू.

खरं कारण सांगतो. मागे शेजारच्या पेंटरच्या अर्जावर सुनावणी झाली, तेव्हा मी सोबत गेलो होतो. तीन साहेब ओळीने बसतात आणि ज्याने कागद तयार केला त्यालाच उभं करतात. दोन तासांत काम कसं होतं ते टेंडरमध्येच का नाही लिहिलं, असं विचारतील. उत्तर तुला द्यावं लागेल. तुझी नोकरी नवी, तिथे याचा बोभाटा नको. वर्कशॉप माझं आहे, हात पोळायचे तर माझे पोळू देत. विषय संपला.

रविवारी ये. मामी म्हणते तू वाळली आहेस. फोनवरच्या आवाजावरून कळतं म्हणे.

भांडण पुरे, माया वाढव.
तुझा मामा


१० मार्च

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

माझ्या यादीत एक मुद्दा कमी होता, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधला. निविदेला जोडण्यासाठी तुम्ही हाताने लिहिलेलं एक पान दिलं होतं. प्रत्येक लिफ्टच्या मशीन-रूममध्ये आपली एक पेटी असते, तिच्यात दाराचे रोलर, ब्रेकचे भाग आधीच जुळवून ठेवलेले. मेकॅनिक बिघडलेला भाग काढून तयार भाग बसवतो आणि जुना वर्कशॉपमध्ये आणून सावकाश दुरुस्त करतो. म्हणून दोन तास. ते पान मी काढून टाकलं, कारण ते मागितलेलं नव्हतं. शिवाय त्यात तुम्ही ‘लिफ्ट रुसली की’ असं लिहिलं होतं आणि मला त्याची लाज वाटली. हे दुसरं कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पान जोडलं असतं तर कदाचित त्यांनी चार तास धरले नसते. कदाचित तरीही धरले असते. मला माहीत नाही.

परवा रात्री मामीला फोन केला. सहीच्या दिवशी तुम्ही पानं मोजलीत, एक कमी भरलं, आणि तुम्ही मामीला गप्प राहायला सांगितलंत. म्हणालात, तिला कळत असेल. मला कळत नव्हतं, मामा. मला नियम कळत होते.

म्हणून काल तुमच्या गावात येऊनही घरी आले नाही. आपण सध्या ज्याच्या लिफ्ट सांभाळतो त्या रुग्णालयात मिस्त्रींसोबत होते. भेटींची वेळ मोजायची होती. घड्याळ धरणार की बॅटरी, एक काय ते ठरवा, असं ते म्हणाले. मी बॅटरी धरली. वेळ पहारेकऱ्याने लिहिली आणि खाली सही केली. पहिली भेट एक तास पन्नास मिनिटं, दुसरी दोन तास दहा. दोन्ही लिफ्ट सुरू झाल्या.

माझी चूक झाली, म्हणून खात्याची चूक बरोबर ठरत नाही. दोन्ही वेगळ्या आहेत आणि नव्या अर्जात दोन्ही वेगळ्या लिहिल्या आहेत. तुमचं पान आहे तसं जोडलं आहे, एक अक्षरही न बदलता. सुनावणीत मी उभी राहीन. ऑफिसात आजच सांगितलं. आमच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, रजा घे आणि कागद नीट लावून ने. मला वाचवण्यासाठी तुम्ही सहा जणांचं काम सोडणार असाल, तर मला ते चालणार नाही.

सहीच्या जागी पेन्सिलने फुली केली आहे. अर्ज चौदा तारखेला दुपारी चारच्या आत खात्यात पोचला पाहिजे. सही केलेला अर्ज, नाहीतर तुमचा नकार, जे असेल ते गुरुवार, १३ मार्चपर्यंत माझ्याकडे पाठवा.

तुमची भाची