तिसऱ्या अंकातला बाप

अण्णा, आज सकाळी शेजारच्या बंगल्यातली एक मुलगी माझ्याकडे आली होती. मराठी घेऊन एम.ए. करते. साहित्यातले बाप आणि मुलगे या विषयावर तिला निबंध लिहायचा आहे, आणि मी जन्मभर मराठी शिकवलं म्हणून तिनं मला गाठलं. इथं नगरच्या सावेडीत निवृत्त माणसाकडे आपण होऊन कुणी येत नाही, त्यामुळे मी खुशीत आलो आणि चांगलं पाल्हाळ लावलं. म्हटलं, पुस्तकातले बाप दोनच तऱ्हेचे. एक देव्हाऱ्यात बसवलेले, दुसरे छडी घेऊन उभे. जुन्या गोष्टींत बाप मुलाला घालवून देतो, नव्या गोष्टींत मुलगाच बापाला सोडून जातो, आणि दोन्हींत शेवटी कुणीतरी मरतं तेव्हा दुसऱ्याला त्याची माया कळते. ती भराभर लिहून घेत होती. जाताना चपला घालता घालता म्हणाली, "सर, मग यातले तुमचे वडील कुठले?" मी म्हटलं, "कुठलेच नाहीत गं. ते तिसऱ्या अंकातच थांबले." तिला काही उमगलं नाही, हसून गेली. मी मात्र चहा गार होईपर्यंत तिथंच बसून राहिलो आणि आता हे तुम्हाला लिहितोय. वर्तमानपत्राशिवाय तुम्हाला काही वाचवत नसे, तेव्हा कंटाळा आला तर मध्येच सोडून द्या.

बाहत्तरच्या दुष्काळातला आपला अबोला तुम्हाला आठवत असेलच. मॅट्रिक होऊन मी वर्षभर घरी होतो. मला नगरच्या कॉलेजात जायचं होतं, तेही मराठी शिकायला, आणि तुम्हाला एकुलता एक पोरगा रानात हवा होता. "मराठी शिकाया कालिज कशाला लागतंय? बोलतोस की मराठी," असं एकदा म्हणालात आणि विषय मिटवून टाकलात. मीही तुमचाच मुलगा, तोंड फुगवून बसलो. मग आपलं सगळं बोलणं आईच्या मार्फत. माझ्यासमोर उभे राहून तुम्ही तिला सांगायचात, "तुझ्या लेकाला म्हनावं, गोठा झाडून घे." मी हातात खराटा घेऊन तिलाच उत्तर द्यायचो, "अण्णांना सांग, झाडतोय." आई कपाळावर हात मारून घ्यायची. "आवं, मी काय तुमची टपालवाली हाय व्हय?" विहिरीनं तळ गाठला होता. दुष्काळी कामावर आपण दोघं एकाच ढिगाशी बसून खडी फोडायचो आणि तिथंही मुके. आता हसू येतं, पण तेव्हा माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. जूनला कॉलेज उघडणार. तुमच्या होकाराशिवाय घर सोडायचं माझ्यात धाडस नव्हतं, आणि तुम्हाला पुन्हा विचारायला तोंड उघडत नव्हतं.

त्या साली यात्रेला तमाशाचा फड आणायची गावाची ऐपत नव्हती. म्हणून शाळेतल्या मास्तरांनी स्वतः लिहिलेलं एक कौटुंबिक नाटक बसवायला घेतलं, आणि बत्त्यांचा खर्च नको म्हणून ते भर दुपारी करायचं ठरलं. त्यातला मुलगा मी. हा मुलगा पुण्याला शिकायला जायचा हट्ट धरतो, तिसऱ्या अंकात बाप त्याला घराबाहेर काढतो, आणि चौथ्या अंकात तो परत येतो तेव्हा बाप शेवटच्या घटका मोजत असतो. मास्तरांनी हे आपलं घर बघून लिहिलं, की त्या वेळी सगळीच नाटकं तशी असायची म्हणून लिहिलं, मला अजून ठाऊक नाही. मी रोज गोठ्यात मोठमोठ्यानं पाठ करायचो, माझी वाक्यं आणि त्यांच्या जोडीला बापाचीही. तुम्ही पलीकडे चऱ्हाट वळत बसलेले असायचात. मग एक दिवस बापाचं काम करणाऱ्या गड्याच्या पायावर खडीच्या कामावर धोंडा पडला आणि मास्तर रडकुंडीला येऊन आपल्या ओट्यावर बसले. आता ऐन वेळी बाप कुठून आणू, असं ते म्हणताहेत, आणि तुम्ही मान वर न करता, चऱ्हाटाला पीळ देता देता, तिसऱ्या अंकातलं बापाचं सगळं भाषण घडाघडा म्हणून दाखवताय. मास्तर ताडकन उठले. "अहो, मग तुम्हीच उभे राहा!" "मी काय नाटक्या हाय व्हय?" तुम्ही म्हणालात. चुलीपासून आई म्हणाली, "घरात रोजच करताय की. आता गावाला बी दावा."

देवळापुढे दोन बैलगाड्या जोडून फळ्या टाकल्यात, मागे लुगडी बांधलीत. उन्हात सगळ्यांची तोंडं स्वच्छ दिसताहेत. तुम्ही मास्तरांचा कोट घातलाय आणि तो काखेत उसवत चाललाय. पहिले दोन अंक तुम्ही झकास केलेत, मला अबोला विसरून कौतुक वाटायला लागलं. तिसऱ्यात तुमचा आवाज असा चढला की पुढची पोरं मागे सरकली. "या घराचं दार तुला बंद! चालता हो!" मी पिशवी उचलून पाठ फिरवली. इथं तुम्ही दार म्हणून ठेवलेली फळी लावायची आणि अंक संपायचा. तुम्ही फळीला हात घातलात, आणि मागून तुमचा घरातला, रोजचा आवाज आला, "आन् जेवून जा."

लोकांना आधी समजेचना. लुगड्याआडून मास्तर दबक्या आवाजात ओरडत होते, "दार लावा, दार!" तुम्ही तिकडे वळून साऱ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणालात, "लावतो की मास्तर. पन पोरगं उन्हाचं निघालंय. उपाशी कसं धाडू?" गाव खो खो हसलं. पुढे बसलेली एक म्हातारी मला म्हणाली, "बस की रं बाबा, बाप म्हनतोय तर दोन घास खा!" पण नाटकात भाकरी कुठून येणार? तेवढ्यात बायकांतून आई उठली, फडक्यात बांधून आणलेली मिलोची, रेशनवर मिळणाऱ्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी आणि ठेचा तिनं माझ्यापुढे फळ्यांवर ठेवला आणि पदर सावरत जागेवर जाऊन बसली. मी मांडी घालून खायला लागलो. तुम्ही कोट काढून बाजूला ठेवलात आणि माझ्यासमोर उकिडवे बसलात. मग म्हणालात, "मंग, कवा निघायचं म्हन्तोस नगरला?"

नाटकात पुणं होतं, अण्णा. नगर फक्त आपल्या घरात होतं. गावाला ते कळलं आणि हसणं थांबलं. मी हातातला घास तसाच धरून म्हटलं, "जूनमधी." तुम्ही मिशीवरून हात फिरवलात. "बरं. जाऊन ये. रान काय पळून जात न्हाई." इतकंच. पण मला एवढा आनंद झाला की समोरची माणसं मला धुरकट दिसायला लागली.

चौथा अंक झालाच नाही. इतक्या गमतीनंतर तुम्हाला मरताना बघायला कुणी तयार नव्हतं. आपल्या नाटकाचा मुडदा पाडला म्हणून मास्तर बरेच दिवस तुमच्याशी बोलले नाहीत. पुढे मी शिकलो, शिकवलं, आणि तुम्ही होतात तोवर तुमच्याकडे दर सुट्टीत येत राहिलो. आपण दोघं काही गप्पिष्ट झालो नाही, पण जे काय बोलायचं ते आईला मध्ये न घालता बोललो. तुमच्यावर एक कथाही लिहून बघितली. संपादकांनी साभार परत केली. बाप फार लवकर नमतो, संघर्ष उभा राहत नाही, असा शेरा होता. मला त्यांचा राग आला, आणि घरी येऊन मी पोटभर हसलोही. भांडण ऐन रंगात असताना पोराला जेवायला बसवणाऱ्या माणसाचं त्यांनी तरी काय करावं? तुमची कथा झाली नाही, माझं मात्र भलं झालं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. कपाटात कपड्यांखाली ठेवून देईन. फक्त एक सांगायचं राहून गेलं होतं. त्या दुपारी तुम्ही तोंडाला रंग लावून घ्यायला लवकर पुढे गेला होतात, म्हणून तुम्हाला कळलं नाही. मागे आईनं मला चुलीपाशी बसवून भरपेट जेवायला घातलं होतं. मला भूक नव्हती, अण्णा. आईलाही ते माहीत होतं, तरी तिनं भाकरी आणून ठेवली. आणि ती गारढोण मिलोची भाकरी मी इतकी सावकाश खाल्ली, ती अशासाठी की माझं खाणं उरकलं असतं तर तुम्ही समोरून उठला असतात.