मिरचीच्या हंगामातली शिंक

सर, आपल्या कॉलेजच्या मंडळाने माझ्याकडे स्मरणिकेसाठी लेख मागितला आहे. विषय त्यांनीच दिला : संस्थेचे दूरदर्शी आर्थिक निर्णय. तुमची लेखणी तिखट, पण या खेपेला जरा गूळ घाला, असं नवे अध्यक्ष हसत म्हणाले. हे जुन्या अध्यक्षांचे चिरंजीव. हसणंसुद्धा वारशात आलेलं. तीन दिवस कोरा कागद पुढ्यात आहे. त्यांच्यासाठी एक ओळ उतरत नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय. तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, तुमची हरकत येणार नाही.

मंडळाची बैठक तेव्हा कॉलेजात होत नसे, अध्यक्षांच्या पेढीवर होई. कॉलेजात गाद्या-तक्के नव्हते. नंदुरबारच्या विद्येचं भलं करायला बसलेले बहुतेक जण मिरचीचे व्यापारी, उरलेला एक त्यांचा वकील. तुम्ही प्राचार्य म्हणून चिटणीस. बोलायची मुभा, मत नाही. मी बाविशीतला हंगामी कारकून, इतिवृत्त लिहायला. ठराव वाचला जाई, माना हलत, चहा येई. एकदा मी नेहमीप्रमाणे ‘साधकबाधक चर्चेअंती मंजूर’ असं लिहिलं, तर परतताना तुम्ही भर रस्त्यात थांबलात. “झाली नाही ती चर्चा लिहू नकोस. चहा झाला ना? मग चहा लिही.” मी चहा लिहिला नाही. पुढेही साधकबाधक चर्चाच लिहीत राहिलो.

त्या वर्षी नोव्हेंबरात ठराव आला की वसतिगृह तोट्यात चालतं, सबब त्याच्या तीन खोल्या हंगामापुरत्या मिरची साठवायला भाड्याने द्याव्यात. भाडेकरू अध्यक्षांचे जावई. भाडं एवढंसं, की पुढे खोल्यांना चुना मारायलाही पुरलं नसतं. त्या खोल्यांत डोंगरातल्या मोलगीच्याही पलीकडची सहा पोरं राहत होती, आपापल्या पाड्यांतून कॉलेजात आलेली पहिलीच. गावात त्यांना कुणी जागा देत नव्हतं. ज्यांच्याकडे जागा होत्या ते याच बैठकीत तक्क्याला टेकून बसले होते. परीक्षा मार्चात. तुम्ही हे सगळं मांडता आहात, आवाज न चढवता, आणि अध्यक्ष पानाला चुना लावताहेत. मग ‘मंजूर’ म्हणायला त्यांनी मान वर केली आणि तुम्ही शिंकलात.

एकदाच. दोन शिंका आल्या तर दोष जातो, एक आली तर काम थांबवायचं, हे त्या घरांतलं शेंबडं पोरही जाणत होतं. मिरचीत जन्म गेलेल्या त्या माणसांना मिरचीने शिंक येत नसे, पण दुसऱ्याच्या शिंकेने ते ठरत आलेला सौदाही सोडत. विद्यापीठाच्या नियमांना त्यांनी कधी भीक घातली नव्हती. शिंकेपुढे मात्र अध्यक्षांचा हात चुन्याच्या डबीवरच थांबला. “मास्तर शिंकनात. ऱ्हाऊ द्या आते, पुढला बैठकमा दखू.”

डिसेंबरात पुन्हा ठराव, पुन्हा नेमकी एक शिंक. बाहेर पडल्यावर तुम्ही कोटाच्या खिशातली तपकिरीची डबी मला दाखवलीत. मी हसून हसून गटाराच्या कडेला बसलो. तुम्ही हसला नाहीत. “रसायनशास्त्र शिकवतो मी, लाज वाटते,” म्हणालात. “पण अजून दोन बैठका काढायच्यात.”

जानेवारीत अध्यक्षांनी आधी वेगळाच ठराव घेतला. “मिरचीनी शिंक कोनी धरस का?” त्यांनी सगळ्यांना विचारलं. कोणीच धरत नव्हतं. सबब मिरचीच्या हंगामात आलेली शिंक ग्राह्य धरू नये, सर्वानुमते मंजूर. एका उच्च शिक्षणसंस्थेच्या इतिवृत्तात हे वाक्य आहे, सर, आणि अक्षर माझं आहे. मग त्यांनी तुमच्यापुढे तळहात धरला. “मास्तर, डबी दखाडा बरं.” तुम्ही डबी काढून हातावर ठेवलीत. त्यांनी चिमूट ओढली, दोनदा शिंकले, म्हणाले, “चाला, दोष गया.” पेढी हसण्याने गदगदली. खोल्या गेल्या.

चार पोरं त्याच आठवड्यात डोंगर चढून गेली. दोघांना तुम्ही आपल्या ओसरीत ठेवून घेतलंत, परीक्षेला बसली ती तेवढीच. पुढच्या जूनमध्ये वसतिगृह उघडलं नाही. ‘विद्यार्थ्यांअभावी बंद’, हा ठरावही मीच लिहिला. आता त्याला दूरदृष्टी म्हणायचं. तसं म्हणायला हरकत नाही. पुढची तीस वर्षं गोदामाला जागा शोधावी लागली नाही.

डबीचं गुपित फोडलं म्हणून तुम्ही शेवटपर्यंत वकिलावर संशय घेतलात. त्याच्याशी बोलणं टाकलंत. तो इतर बाबतींत हरामखोर होता, त्यामुळे मला गप्प बसणं सोपं गेलं. जानेवारीच्या बैठकीआधी अध्यक्षांनी मला पेढीवर बोलावलं होतं. “मास्तर दर येळे बराबर टायमवरच कसा शिंकतस रे?” एवढंच विचारलं. धमकी नाही, आमिष नाही. नोकरीत कायम केल्याचा हुकूम मला फेब्रुवारीत मिळाला, पण नोकरीसाठी सांगितलं म्हणावं तर तेही खरं नाही. तेवढी गरज तरी पुढे करता आली असती. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहितो. किस्सा चांगला होता, सर. मी तुमची नक्कल करून सांगितला, डबी, चिमूट, कोटाचा खिसा सगळं. अध्यक्ष पोट धरून हसले, आणि मला फार बरं वाटलं.