धरणगावचं फंडिंग

३ जून, मंगळवार
आजपासून पाचला उठणार. उठलो साडेआठला. जळगावच्या उकाड्यात झोप पहाटेच लागते, त्याला मी काय करू?
ॲपचं नाव पक्कं: ‘सापडला’. नाव टाका, माणूस समोर. कुठे राहतो, नेटवर काय बरळतो, सगळं. ताजी पोस्ट सर्वात वर, ही आयडिया माझी. धरणगावचे प्रेमराजआबा जिनिंगवाले पैसे लावणार. आई म्हणते, आबा अजून हो म्हणालेले नाहीत. आईला बिझनेस कळत नाही.

७ जून, शनिवार
एका मोठ्या सोशल नेटवर्ककडे लोकांचा डेटा मागितला होता. नकार आला. दोन ओळी, खाली सहीसुद्धा नाही. घाबरले. नका देऊ. समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बठ्ठा खानदेश पडलाय. फोटो, नंबर, गावं, सगळं उचललं.

११ जून, बुधवार
मागच्या गल्लीतल्या लताबाई दारात. ॲपवर त्यांचा नंबर बघून सकाळपासून अनोळखी लोक फोन करतायत म्हणे. मी समजावलं, याला ट्रॅक्शन म्हणतात. त्यांनी चप्पल काढली. मग ग्रुपचे ॲडमिन तोतारामनाना चार जणांना घेऊन आले. समोर बसून सगळ्यांचा डेटा उडवायला लावला, मलाही ग्रुपमधून काढलं. आता ॲपवर एकच माणूस उरलाय, मी. हरकत नाही. क्वालिटी महत्त्वाची.

संध्याकाळी
फेसबुकवर जाहीर पोस्ट टाकली. ज्या नानांना स्वतःचा पासवर्ड नातवाला विचारावा लागतो, ते मला काढणार? अडाणी कुठले. आता बरं वाटतंय.

१६ जून, सोमवार
पिव्हट, म्हणजे धंद्याची दिशा बदलली. लग्नाआधी मुलाची चौकशी, साक्री ते मुक्ताईनगर, एका क्लिकवर. आयडिया माझीच. मावसभाऊ भूषण ती आधी बोलला, एवढंच. तो कोडिंग करतो, पगार नाही म्हणून तोंड पाडून करतो. आबांची मुलगी सारिका धुळ्याला बीफार्म करते, तिला स्थळं बघतायत. आबांना फोन केला, शनिवारी या म्हणाले. आईला सांगितलं, फंडिंग आणि सारिका एकाच बैठकीत उरकतो. आई देवासमोर जाऊन बसली.

१९ जून, गुरुवार
आबांनी भेट मंगळवारवर ढकलली. मला? डोकं फिरलं. पोस्ट टाकली: धरणगावच्या शेठ लोकांना सरकीपलीकडे काही दिसत नाही. एकदा यांचा पैसा हातात येऊ दे, पुण्याला पळतो, मग बसा बोंबलत. एकही लाइक नाही. जळतात लोक. भूषण म्हणतो, डिलीट कर. मी शब्द मागे घेत नसतो.

२४ जून, मंगळवार
धरणगाव. इस्त्रीचा शर्ट. आबा म्हणाले, मुलाचं नाव मीच टाकतो. टाकलं: तेजस. माझंच! क्षणात रिझल्ट. ॲप अडकलं नाही, बंद पडलं नाही. भूषणने जन्मात पहिल्यांदा धड काम केलं. आबा चष्मा लावून बराच वेळ वाचत बसले. मग हसून म्हणाले, तुनं ॲप एकदम खरं शे. लिंक लगेच सारिकाला पाठवली. चहा दिला. पैशांचं बोलले नाहीत. मोठी माणसं घाई करत नाहीत. जवळजवळ ठरल्यातच जमा.

२८ जून, शनिवार
आबा फोन उचलत नाहीत. कामात असतील.
ॲपला पहिला रिव्ह्यू आला. पाच स्टार. प्रेमराजआबा, धरणगाव: ‘मुलगा वेळेवर कळला.’