पुढच्या खोलीची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, रसायनशास्त्राची निवृत्त शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. दबाव आणण्याचा प्रयत्न दोघांनी केला. मी तो मानलेला नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र फाडून टाकले आहे.

कलम १. बँकेतील ठेव माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला द्यावी. ती परिचारिका आहे आणि वीस वर्षे मला "आत्या, आधी हातमोजे घाल" म्हणून दटावते आहे. अट काही नाही.

कलम २. हार्मोनियम आमच्या चर्चच्या मंडळीच्या सचिवांना द्यावी. वार्षिक सभेत त्यांनी मला "पट्टीवाल्या बाई" म्हटले, सगळे हसले आणि नाव चिकटले. मी त्यांना क्षमा केली आहे. हार्मोनियमचे तीन सूर बसलेले आहेत, हे त्यांना आधी सांगू नये.

कलम ३. घर. तंटा यावरूनच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

घराच्या पुढच्या खोलीत मी एकतीस वर्षे मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी लोकांच्या चिघळलेल्या जखमा धुऊन पट्ट्या बांधल्या. काम प्रभूच्या नावाने सुरू केले, म्हणून नियमही केला: आधी प्रार्थना, मग पट्टी. प्रार्थना सुरू झाली की दाराला आतून कडी. एकदा एक हमाल लंगडत उठला आणि म्हणाला, "बाई, देव थांबेल हो. माझा ट्रक नाही थांबायचा." मी आमेन होईपर्यंत कडी काढली नाही. मग तो पट्टी न बांधताच निघून गेला आणि पुन्हा आला नाही. त्याच्या पायाचे बोट कापावे लागल्याचे मला नंतर कळले. त्याच दिवशी मी कडी उखडली आणि तिच्याबरोबर प्रार्थनाही बंद केली. ही माझी दुसरी चूक.

प्रार्थना गेली तशी रांग वाढली. पाय पुढे करा, झाले, पुढचा. रस्त्याच्या कोपऱ्यावर इस्त्रीचे दुकान चालवणारी एक बाई या रांगेत असे. तिची जखम भरली तेव्हा आता येऊ नका म्हणून मीच सांगितले होते. तीन आठवड्यांनी ती पुन्हा पट्टी बांधून हजर. सोडून पाहिली, तर पाय धडधाकट.

"हे काय सोंग?" मी सगळ्यांदेखत विचारले.

ती म्हणाली, "बाई, आधी तुम्ही माझं नाव घेऊन देवाशी बोलायचात. आता नुसतं पायाशी बोलता. म्हटलं, पट्टी असली तर बसायला तरी मिळेल."

मागे सतरा माणसे होती. मी म्हटले, "पुढचा."

तिच्या दुकानी जायला मला सवड झाली ती चार महिन्यांनी. शेजारचा म्हणाला, "एकटीच होती हो. गेली."

आता आमच्या चर्चचे पाळकबुवा म्हणतात, "बाई, नुसत्या पट्ट्याच बांधायच्या तर सरकारी दवाखाना आहेच की. ही खोली प्रार्थनेला द्या." भाची म्हणते, "ज्याचा पाय सडतोय त्याला वचनं कसली ऐकवायची? मला दवाखाना करू दे." दोघांचेही खरे आहे, आणि दोघांचेही खरे मानून मी एकेक माणूस गमावले आहे.

म्हणून घर दोघांच्या नावे समान करत आहे. अट अशी: मंगळवारी पट्ट्या पाळकबुवांनी बांधाव्यात. भाचीने त्याच खोलीत खुर्ची घेऊन बसावे, लोकांचे ऐकावे आणि जो मागेल त्याच्यासाठी त्याचे नाव घेऊन प्रार्थना करावी. शुक्रवारी अदलाबदल करावी. पट्टीसाठी प्रार्थनेची सक्ती नको आणि प्रार्थनेसाठी जखमेची सक्ती नको. पू पाहून पाळकबुवांना घेरी येते, हे मला माहीत आहे. भाचीला चारचौघांत प्रार्थना करायची लाज वाटते, हेही माहीत आहे. दोघेही सुशिक्षित आहेत, शिकतील. वर्षभरात अट मोडली तर घर विकून रक्कम मुलींच्या वसतिगृहाला द्यावी. दोघांपैकी कोणालाही चहाचा कपसुद्धा मिळू नये.

कलम ४. कात्री, चिमटे आणि एनॅमलचे ट्रे खोलीतच राहावेत. मंडळीच्या कपाटात कुलूपबंद करू नयेत.

कलम ५. इतर कलमांचा अंमल माझ्या मृत्यूनंतर होईल. कलम ३ मधील कामाचा मात्र येत्या मंगळवारपासून, मी जिवंत असतानाच. मेल्यावर मला चुका दाखवता येणार नाहीत.

आज दोघांना समोर बसवून हे वाचून दाखवले. भाची म्हणाली, "आत्या, मला नाही जमणार." पाळकबुवा म्हणाले, "बाई, मलाही नाही." नऊ वर्षांत या दोघांचे एकमत झालेले मी प्रथमच पाहिले. तेवढ्या भरवशावर सही करत आहे.

ठिकाण: माझे राहते घर, पुढची खोली
दिनांक: ८ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

(सही) मृत्युपत्र करणारी

आमच्यादेखत, पूर्ण शुद्धीत आणि नेहमीच्याच आवाजात वाचून सही केली:
साक्षीदार १ (सही) समोरचे शिंपी
साक्षीदार २ (सही) दाखला देणारे डॉक्टर