सहावा मुद्दा

बाई,

आज तुमचा फार राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तो काढायचा कुणावर, म्हणून लिहायला बसले आहे.

दहावीचा वर्ग. तुम्ही फळ्याकडे पाठ करून उभ्या आहात आणि 'अफूच्या युद्धाची कारणे द्या' याचं उत्तर मी गाईडमधल्या पाचही मुद्द्यांसकट घडाघडा म्हणून दाखवते आहे. शाबासकीची वाट बघते आहे. तुम्ही म्हणता, "अफू पिकली कुठे? मुंबईहून जहाजं भरून कुणी पाठवली? तिकडे चीनमध्ये इंग्रजांकडून लढायला गेलेल्या पलटणींत कोण होतं? तुझ्या उत्तरात सगळं इंग्रजच करतायत. आपण कुठे होतो, ते सहाव्या मुद्द्यात लिही." सगळ्या वर्गासमोर! मी घरी येऊन रडले. तो मुद्दा वहीत लिहिला आणि बोर्डाच्या पेपरात पुन्हा पाचच लिहिले, कारण तो तपासणार तुम्ही नव्हतात.

आता अमेरिकेत, ॲन आर्बरच्या विद्यापीठात मी हेच शिकवते: परकी साम्राज्यं आणि त्यांच्याविरुद्ध उभा राहिलेला चिनी राष्ट्रवाद. चीन आणि भारत एकाच जात्यात भरडले गेले, असं माझं पहिलंच लेक्चर. मुलांना आवडतं. या सत्रात एका चिनी मुलीने निबंध दिला. ती शांघायची. तिच्या पणजीच्या आठवणीतला दंडुकेवाला पोलीस गोरा नव्हता, इंग्रजांनी तिथे नेमलेला हिंदुस्थानी होता. परक्यांवरच्या चिन्यांच्या रागाला तुम्ही हिंदुस्थानीही कारण आहात, असं तिचं म्हणणं. पुरावे चोख होते. मी समासात 'भाषा प्रचारकी' असा शेरा मारला आणि 'बी' ग्रेड दिली.

नवऱ्याला सांगितलं, तर लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला, "अगं, ते सगळे ब्रेनवॉश्डच असतात यार. ग्रेड दिलीस ना? मग विषय क्लोज कर." मला बरं वाटलं, याचीच आता जास्त चीड येते.

आज ती ऑफिसात आली. पीएचडीसाठी तिने माझं शिफारसपत्र मागितलं होतं, ते आता नको म्हणाली. मग शांतपणे विचारलं, "प्रोफेसर, प्रचारकी वाक्य कोणतं, तेवढं दाखवाल?" मी पानं उलटत राहिले. एकही सापडेना. इथे हल्ली तिच्या देशाच्या मुलांना तसाही शब्द न् शब्द तोलून बोलावा लागतो, आणि शिक्का मारायला त्यांना मीच भेटले. "इट्स ओके," म्हणाली आणि निघून गेली.

आपला मुद्दा आपण लिहायचा, हे शिकवलंत बाई. तो दुसऱ्या कुणी तोंडावर लिहून दिला तर काय करायचं, हे का नाही शिकवलंत?

संध्याकाळी मी तिची ग्रेड बदलली. तपासताना नजरचूक झाली, असा मेलही केला. नजरचूक झाली नव्हती. निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हाच तो बरोबर आहे हे मला कळलं होतं. हे तिला लिहायचं सोडून तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही वाचणार नाही.