योसेफच्या गावचा घण

११ सप्टेंबर १९८१, शुक्रवार
सुट्टी. योसेफला जेवायला बोलावलं. आमच्या वर्कशॉपमध्ये नवा पॉवर हॅमर बसवायला आलेला चेकोस्लोव्हाकियाचा फिटर, साठीला टेकलेला. इथली, बहरीनची अरब मंडळी त्याला युसुफ म्हणतात, तोही ओ देतो. बायकोने, सुमनने, सुरमईचं कालवण केलं, तिखट बेतानेच. तरी गडी घामाघूम. पण ताट लख्ख!
मग गावाबद्दल बोलत सुटला. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून. दरीत ओढा, ओढ्यावर एकाखाली एक तळी, पाण्यावर फिरणारं लाकडी चाक, आणि चाकाच्या जोरावर उचलला जाणारा लोखंडी घण. पूर्वी रात्रंदिवस चाले. थांबला की पाळण्यातली पोरं दचकून उठत. सु.ला हे फार आवडलं. मलाही.

१८ सप्टें., शुक्र.
यो. पुन्हा आमच्याकडे, हूऱ्याच्या घरी. फोटो घेऊन आला. जुनी दगडी भट्टी, चांगली देवळाच्या शिखराएवढी, माथ्यावर झाड उगवलंय. कबरींवरचे क्रूस ओतीव लोखंडाचे, वेलबुट्टीसकट. काय नजाकत! आणि घरांच्या भिंतींत निळे दगड. म्हणे दगड नव्हेत, भट्टीतली मळी, लोखंड वितळताना वर येणारा गाळ, थंड झाल्यावर निळ्या काचेसारखी होते. आम्ही मळी फेकून देतो, यांनी तिची घरं बांधली. मानलं.
लाकडी कोळशासाठी जंगलं तुटली, मग भट्ट्या विझल्या, माणसं शहरातल्या कारखान्यांत गेली. घण तेवढा राहिला. ऑक्टोबरच्या शेवटी गावची जत्रा, त्या दिवशी यो. चाकावर पाणी सोडतो आणि घण चालवतो. दुसऱ्या कुणाला येत नाही. हे सांगताना छाती फुगलेली.

२५ सप्टें.
आज एक नवीच गोष्ट कळली. यो.ने आमचा फोन वापरू का विचारलं. हॉटेलात त्याच्या शेजारच्याच खोलीत त्यांचा टीम लीडर, कान टवकारून. फोन मुलाला, मिलानला. रशियन रणगाडे घुसल्यावर तो १९६९ साली देशातून पळाला, व्हिएन्नाला असतो. तेव्हापासून बापलेकांची भेट नाही. नात शाळेत जाते, आजोबाने पाहिलेली नाही.
परतीचं विमान व्हिएन्नाला बदलायचंय. मिलान म्हणतो, तिथेच बाहेर पडा, मी दारात उभा असेन. बाहेर पडला तर सरकार परत येऊ देणार नाही, गाव कायमचं बंद. न पडला तर पुन्हा कोण सोडतंय देशाबाहेर, या वयात?
"बायको गेली. गावात आता तुमचं कोण?" सु.ने विचारलं. मी तिच्याकडे डोळे वटारले.
"घण," म्हणाला. हसला नाही.

७ ऑक्टो., खंडेनवमी
हॅमर उभा राहिला. झेंडू कुठला मिळायला, सु.ने कागदाची माळ केली. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आमचा बहरीनी फोरमन अली ओरडतोय, "यल्ला, खलास करो! माला मशीन में जाएगा!" यो. टोपी काढून उभा. म्हणाला, आमच्याकडेही भट्टी पहिल्यांदा पेटवताना फांद्यांनी सजवायचे.
मग गंमत. यो.ने ऐरणीवर अर्धी उघडी काडेपेटी उभी ठेवली. एवढं धूड खाली आणलं आणि पेटी नुसती मिटवली. टक्कसुद्धा नाही! सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. अलीने मिठी मारली.
हात धुताना यो.ला हळूच विचारलं, काय ठरलं? मान हलवली. हो की नाही, कळेना.

९ ऑक्टो., शुक्र.
सकाळी विमानतळावर सोडलं. लीडर पुढच्या सीटवर, यो.चा पासपोर्ट त्याच्या खिशात. मुलाकडे जा म्हणावंसं वाटत होतं, गावाला जा असंही. शेवटी "सांभाळून जा" एवढंच बोललो. यो.ने हात घट्ट धरला, सोडेचना.

दुपारी फोन. मिलान, व्हिएन्नाच्या विमानतळावरून.
"विमान वेळेवर सुटलं? बाबा काही बोलले?"
तोंडातून निघून गेलं की घणाबद्दलच बोलत असतात, जत्रेला पाणी सोडायचं म्हणून.
पलीकडून त्याच्या पोरीचा आवाज आला, काहीतरी विचारत होती.
मग तो म्हणाला, "पाणी सोडायला दुसरं कुणीच नाही का हो?"
"नाही," म्हणालो.
विमान उतरायला अजून वेळ होता.