हॅरिगन रस्त्यावरचं मोकळं घर

प्रिय डेल्फीन,

रविवारी फोनवर तू घराचं विचारलंस आणि मी विषय ओटिसच्या गुडघेदुखीवर नेला. तुला ते कळलंच असणार. इतकी वर्षं कुंपणापलीकडून माझा आवाज ऐकलेली बाई तू, तुझ्याशी फोनवर खोटं बोलणं मला जमायचं नाही आणि खरं सांगायला लागले असते तर रडू फुटलं असतं. म्हणून लिहायला बसले. ओटिस समोर बसून मक्याचा ब्रेड खातोय आणि मधूनमधून बजावतोय, “सगळं लिही हं, अर्लीन. साखर घोळून लिहू नकोस.” नवऱ्याला काय जातंय सांगायला!

तुम्ही गेलात तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. कर्जाचे हप्ते थकल्याचं बँकेचं पत्र आलं होतं, लिलावाची तारीख पडली होती. मी तुला म्हणत होते, थांब गं, सामान बाहेर काढायला शेरीफची माणसं दारात उभी राहीपर्यंत कुणी हलतं का? तू म्हणालीस, “माझा पलंग फुटपाथवर पडलेला या रस्त्याला बघू देणार नाही मी.” ल्युशियस गाडीत पुढे बसला होता, मांडीवर औषधांची पिशवी. दारासमोरच्या सिमेंटच्या पायऱ्या त्याने स्वतःच्या हातांनी घातलेल्या, पण त्या दिवशी तो त्यांच्याकडे बघत नव्हता. आणि तू? नवऱ्याला गाडीत बसवून तू सगळ्या खोल्या झाडल्यास, फरशी पुसलीस, किल्ली ओट्यावर ठेवलीस आणि मग दार ओढून घेतलंस. बँकेसाठी घर पुसून जाणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

त्याच्या आधीचा उन्हाळा आठवतो? हॉस्पिटलच्या लाँड्रीतली तुझी नोकरी गेली होती आणि टीव्हीवर रोज सांगत होते की लोकांची घरं वाचवायला सरकारने निधी दिलाय, फक्त अर्ज करा. आपण दोघी अर्ज घेऊन बसने शहरात जायचो. काचेमागची ती मुलगी दर खेपेला म्हणायची, “मॅडम, तुमचे कागद सिस्टिममध्ये दिसत नाहीत.” शेवटी तू तिला म्हणालीस, “बाळा, मी तरी दिसतेय ना तुला?” ती हसली, आपणही हसलो. परतताना मात्र बसमध्ये तू अख्खा रस्ता खिडकीबाहेर बघत होतीस.

तुम्ही दक्षिणेत, अलाबामाला तुझ्या बहिणीकडे गेल्यावर पहिलं वर्षभर आम्ही घर राखलं. ओटिस पुढचं गवत कापायचा. नाताळात मी तुझ्या दाराला हिरवं तोरण लावलं, आत माणसं राहतात असं वाटावं म्हणून. पण चोरांना वास येतोच. एका सकाळी भर उजेडात दोघं जण व्हॅन लावून तुझ्या तळघरातले तांब्याचे पाइप बाहेर काढत होते, जणू त्यांना कामावरच पाठवलंय. मी पोलिसांना फोन केला. ते म्हणाले, “तक्रार घरमालकाने करायची असते. तुम्ही कोण?” मग मी बँकेला फोन केला. म्हटलं, तुमचं घर लुटून नेतायत, या तरी. तिकडची बाई बराच वेळ शोधत बसली आणि म्हणाली, “हे घर आमच्या यादीत नाही.” मला वाटलं, बाई अर्धवट आहे. ओटिस म्हणाला, “लोकांची इतकी घरं घेतलीत त्यांनी, कुठलं कुठलं लक्षात ठेवणार!” आम्ही त्यावर हसलो. त्या हिवाळ्यात उरलेले नळ फुटले आणि तळघरात बर्फ साचला. मग पन्हळी गेल्या, खिडक्या गेल्या. तुझ्या स्वयंपाकघराच्या जागेतून आता पलीकडचा रस्ता दिसतो. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलंस की मी तुझ्या गुलाबांचं सांगायचे. गुलाब खरंच फुलतात गं, तेवढं खोटं नव्हतं.

वसंतात चर्चच्या तळघरात आपल्या वॉर्डाचा नगरसेवक आला होता. त्याने डोनट वाटले, मोठा नकाशा लावला, आणि खुशीत सांगितलं की घर वाचवण्याच्या निधीतले बरेच पैसे खर्चच झाले नाहीत, म्हणून आता ते मोकळी घरं पाडायला वापरायची परवानगी मिळालीय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. का नाही वाजवणार? ज्याच्या शेजारी असं घर सडतंय त्याला ते पडलेलंच हवं असतं. आपल्या चर्चच्या आजीबाई, मदर हॅटी, तेवढ्या काठी टेकत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “मला नीट सांग, मुला. माणसाला घरात ठेवायला पैसे आले होते. ते तुम्ही त्याला दिले नाहीत. आता तो गेल्यावर त्याच पैशाने त्याचं घर पाडणार?” तो म्हणाला, “मदर, नाहीतर हे पैसे परत गेले असते.” त्या म्हणाल्या, “माणसं गेली त्याचं काही नाही, पैसे जायला नकोत!” सगळे हसले. तोही हसला आणि त्याने पुढचा प्रश्न घेतला.

आता ते सांगते, ज्यासाठी इतका वेळ इकडचं तिकडचं लिहितेय. गेल्या आठवड्यात नगरपालिकेचा इन्स्पेक्टर तुझ्या दाराला नोटीस ठोकत होता. तरुण मुलगा, बोलायला नम्र. मला पाहून कुंपणाशी आला आणि म्हणाला, “डेल्फीन ब्रॅक्स्टन कुठे राहतात, सांगाल का? घर त्यांच्या नावावर आहे.” मी म्हटलं, “तुझं काहीतरी चुकतंय, बाळा. घर केव्हाच बँकेने घेतलं.” तो म्हणाला, “नाही, मॅडम. बँकेने लिलाव रद्द केला. या भागातलं घर विकून काही सुटत नाही, उलट सांभाळायचा खर्च गळ्यात पडतो. त्यांनी ते घेतलंच नाही.” मी विचारलं, “मग तिला कुणी सांगितलं का नाही?” तो खाली बघून म्हणाला, “सांगायलाच हवं असं बंधन नव्हतं त्यांच्यावर.”

मी तिथेच पायरीवर बसले, डेल्फीन. ते घर एक दिवसही दुसऱ्या कुणाचं झालं नव्हतं. तू थांबली असतीस तर कुणीही आलं नसतं. ल्युशियसने तुझ्या बहिणीच्या मागच्या खोलीत, उसन्या पलंगावर प्राण सोडला. त्याला इथे, आपल्या खिडकीपाशी डोळे मिटता आले असते. हे लिहू की नको, म्हणून किती वेळ पेन हातात धरून बसले होते. पण कोर्टाच्या कागदावर वाचण्यापेक्षा तू ते माझ्याकडून ऐकलेलं बरं.

घर सप्टेंबरात पाडणार आहेत. मी म्हटलं, त्या निधीतून ना? तर इन्स्पेक्टर म्हणाला, “तो बेवारस घरांसाठी आहे. या घराला मालक आहे, म्हणून बिल मालकाच्या नावावर जाईल.” ऐकलंस? त्या निधीने तुला दुसऱ्यांदा दारातून परत पाठवलंय. वर गवत वाढवल्याचा, खिडक्या फुटक्या ठेवल्याचा खटलाही तुझ्यावरच. समन्स कुठे पाठवली, तर त्याच मोकळ्या घरी. तू हजर झाली नाहीस, म्हणून न्यायाधीशाने अटकेचं वॉरंट काढलंय. तुझा पत्ता मी दिला नाही. म्हटलं, दक्षिणेत कुठेतरी असते, मला नाही माहीत. त्या मुलाने तेवढंच लिहून घेतलं. देव त्याचं भलं करो.

रोशेलच्या लग्नाला तू येणार, तिची धर्ममाता म्हणून पुढच्या बाकावर बसणार, निळा ड्रेस शिवून झालाय, हे सगळं मला ठाऊक आहे. तुला बोलावणारी मीच, नवरीची आई. पण काल मी गरिबांचे खटले बघणाऱ्या वकिलाकडे जाऊन आले. तो म्हणाला, “वॉरंट रद्द करून घेतो, पण त्याला वेळ लागेल, लग्नाआधी होणार नाही. तोवर त्यांना या राज्यात पाऊल ठेवू देऊ नका. रस्त्यात कुणाची गाडी पोलिसांनी अडवली आणि नावं तपासली, तर त्यांना उचलतील.” या वयात तुला बेड्या घातलेल्या मी बघू शकणार नाही. रोशेलला अजून सांगितलेलं नाही, ते मी बघते. तू बसचं तिकीट परत कर. येऊ नकोस, डेल्फीन. इथे तुझं घर आहे, म्हणूनच येऊ नकोस.

तुझीच शेजारीण,
अर्लीन